एबोनाइटचं तडकलेलं स्टेअरिंग: निफाडच्या एका बी-२७५ ट्रॅक्टरचं प्रकरण

जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग तडकलं की बहुतेक जण सायकलची ट्यूब गुंडाळतात, नाहीतर बाजारातून नवं आणून बसवतात. चिरा बुजवून जुनंच चाक वापरणारे थोडे, आणि ज्यांनी बुजवलं त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार एकच असते: पहिल्याच वर्षात चीर त्याच जागी परत उघडली. इथे एका ट्रॅक्टरचं प्रकरण सविस्तर मांडतो आहे. ही दुरुस्ती टिकणं किंवा न टिकणं बुजवायच्या मालापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. चीर कोणत्या तापमानाला भरली ही पहिली, आणि चाकाला मुळात ओढ कुठून बसते ही दुसरी.

ट्रॅक्टर आणि मालकाची अपेक्षा

ट्रॅक्टर बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं हे मॉडेल मूळ इंग्लंडमधलं, डॉनकास्टरच्या कारखान्यातलं. आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३५ अश्वशक्ती, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर. आजही महिंद्रच्या ट्रॅक्टरांवर २७५ हा आकडा दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

मालक निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला. नांगरटीला आता दुसरा ट्रॅक्टर आहे, पण ट्रॉली ओढायला आणि अधूनमधून फवारणीला जुना अजून निघतो. त्यांना चाक शोकेससाठी नको होतं, रोज हातात धरायला हवं होतं, आणि वडिलांच्या हातातलं तेच हवं होतं. या अपेक्षेमुळे काम अवघड झालं. नुसतं दिसायला चांगलं करायचं असतं तर लांबी (रंगाआधी भरायची पुट्टी) भरून रंग मारला की भागलं असतं. पण बी-२७५ ला पॉवर स्टेअरिंग नाही. भरलेली ट्रॉली घेऊन बांधावरून वळताना चालक अंगाचा भार टाकून चाक ओढतो, आणि पुढचं चाक दगडावर आदळलं की तो हिसका उलटा हातापर्यंत येतो. असा भार सोसणारी दुरुस्ती हवी होती.

चाक उतरवण्याआधीची पाहणी

चाक जागेवर असतानाच पुढची चाकं सरळ करून स्टेअरिंगच्या कड्याचा नकाशा काढला, घड्याळाच्या तबकडीसारखा. हे काम चाक उतरवल्यावर करून उपयोग नसतो, कारण मग कुठला भाग कुठे होता हे हरवतं. चाक १७ इंची, तीन आऱ्यांचं, आरे दोन, सहा आणि दहाच्या जागी. आरपार गेलेल्या, म्हणजे आतली लोखंडी सळई दिसेल इतक्या चिरा सात होत्या. त्यांतल्या चार एक, तीन, पाच आणि अकराच्या जागी विखुरलेल्या, प्रत्येकी दोन-तीन मिलिमीटर रुंद. उरलेल्या तीन मात्र सात, आठ आणि नऊच्या जागी, एकमेकींना खेटून, आणि सगळ्यांत रुंद: ४.२, ३.९ आणि ३.६ मि.मी.

नुसतं जुनं होऊन तडकलेल्या चाकाच्या चिरा साधारण सगळीकडे विखुरतात. डाव्या खालच्या बाजूला तिघींनी अशी गर्दी केली होती त्याअर्थी तिथे वेगळा काही भार येत असला पाहिजे. तो कोणता, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांना विचारल्यावर लगेच कळलं.

“काका, गाडीवर चढताना हात कुठं धरता?”

“कुठं म्हणजे? स्टेअरिंगलाच धरतो ना. दुसरं आहे काय धरायला?”

ट्रॅक्टरवर चढायचं डावीकडून. उभा केलेला ट्रॅक्टर बहुतेक वेळा चाकं सरळ ठेवूनच उभा असतो, त्यामुळे चढणाऱ्याच्या हातात दरवेळी कड्याचा तोच भाग येतो. सत्तर किलोचा माणूस दिवसातून अनेकदा त्या एकाच टीचभर जागेला लोंबकळून वर येतो. वळवताना कड्यावर येणारा भार चाकाच्या फिरण्याच्या दिशेत असतो. चढताना येणारा भार कडं खाली आणि बाहेर वाकवतो. सळई वाकून परत सरळ होते, पण तिच्यावरचं कडक आवरण वाकत नाही, ते तडकतं. हे कळल्यावर दुरुस्तीच्या यादीत चाकाबाहेरची एक गोष्ट आली: चढताना धरायला स्वतंत्र मूठ.

मग तुंबा पाहिला, म्हणजे शाफ्टवर बसणारा चाकाचा मधला भाग. आवरणाच्या चिरा कितीही वाईट दिसल्या तरी त्या भरता येतात, पण मधल्या तुंब्याला किंवा आऱ्यांच्या जोडाला चीर असेल तर ते चाक चालत्या ट्रॅक्टरवर परत बसवू नये, या मताचा मी आहे. शाफ्टवरून चाक सुटलं किंवा आरा तुटला तर ट्रॅक्टर कुणाच्या हातात राहत नाही. तपासायला महागडं काही लागत नाही. जोड घासून स्वच्छ करायचा, रॉकेल लावून अर्धा तास ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येऊन पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. इथे तिन्ही आरे आणि तुंबा कोरडे राहिले, आणि मगच पुढचं काम हाती घेतलं.

उतरवताना नट पूर्ण काढला नाही. आट्यांच्या टोकाशी लेव्हल करून ठेवला आणि पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावला. पुलर नसला की काही फिटर शाफ्टच्या डोक्यावर हातोडी मारून चाक सोडवतात. तो मार थेट स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर जातो, आणि चाक वाचवण्याच्या नादात बॉक्सला ढील येते. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं तर पुलरनं चाक शांतपणे सुटतं.

माल कोणता

जुन्या चाकांचं आवरण एकाच मालाचं नसतं. काही बेकेलाइटची असतात, काही सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकची, काही कडक रबराची, म्हणजे एबोनाइटची. ओळखायला नाक पुरतं. आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी तापवलेली सुई टेकवली की बेकेलाइटला फिनाइलसारखा उग्र वास येतो, सेल्युलोज अॅसिटेटला व्हिनेगरचा, ब्युटिरेटला खवट लोण्याचा. एबोनाइटला सुईची गरजही नसते. अंगठ्यानं जोरात चोळलं तरी गंधकाचा वास येतो. या चाकाला तोच आला. वरचा रंगही साक्ष देत होता: मुळात काळं असलेलं कडं उन्हाच्या बाजूनं हिरवट तपकिरी, आणि खालच्या सावलीच्या बाजूनं अजून काळं.

ओळख पटवणं महत्त्वाचं, कारण सेल्युलोजच्या चाकाला अॅसिटोन लावलं तर ते विरघळायला लागतं, आणि एबोनाइटला गरम पाणी लावलं तर ते आणखी तपकिरी पडतं. राजमुंद्रीच्या रत्नम पेनांसारखी एबोनाइटची शाईची पेनं ज्यांनी वापरली आहेत त्यांना हा रंग ओळखीचा असेल.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. साध्या टायरच्या रबरात गंधक थोडा असतो, एबोनाइटमध्ये तो रबराच्या वजनाच्या पाव ते निम्म्यापर्यंत जातो. ऊन आणि हवेतली वाफ लागली की वरच्या थरातल्या गंधकाचं हळूहळू गंधकाम्ल होतं. ते अगदी थोडं असतं, पण चिरेतून सळईपर्यंत पोचलं की लोखंड खातं. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो आतून आवरणाला ढकलतो आणि चीर रुंद करतो. म्हणजे चिरेनं गंज येतो आणि गंजानं चीर वाढते.

निफाडच्या चाकात याहून एक जास्तीची गोष्ट निघाली. सातच्या चिरेत बारीक पोगरानं खरवडलं तेव्हा तपकिरी गंजाबरोबर निळसर हिरवी पूड आली. काचेच्या पट्टीवर घेऊन तिच्यावर अमोनियाचे दोन थेंब टाकले. थेंब गडद निळा झाला, म्हणजे तांबं होतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारलं जातं, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, असतं, आणि फवारणी करणाऱ्याचे हात त्याच चाकावर. मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की लोखंड झिजतं. डाव्या बाजूची सळई उजव्या बाजूपेक्षा जास्त खाल्ली गेली होती, त्याचं कारण इतकं साधं होतं. व्हर्नियरनं मोजली तर दहा मिलिमीटरची सळई सगळ्यांत वाईट जागी ९.३ भरली. भार सोसायला ती पुरेशी होती, म्हणून सळई बदलली नाही. नऊच्या खाली गेली असती तर मी आवरण तेवढ्या भागात पूर्ण काढून सळई बदलण्याचाच आग्रह धरला असता.

चीर सकाळी एक, दुपारी वेगळी

सात चिरांच्या रुंदीची बेरीज २२ मि.मी. आली. कड्याचा परीघ साधारण १,३५० मि.मी. म्हणजे इतक्या वर्षांत आवरण दीड टक्क्याहून थोडं जास्त आक्रसलं, आणि आतली सळई मात्र तेवढीच राहिली. यातला काही ताण तर जन्मापासूनचाच असतो. एबोनाइट सळईवर साच्यात दीडशे अंशांच्या आसपास शिजवतात; थंड होताना आवरण सळईपेक्षा खूप जास्त आक्रसू पाहतं आणि सळई त्याला तसं करू देत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेलं नवं चाकही आतून ताणलेलंच असतं. पुढे ऊन आणि हवा त्याला ठिसूळ करत नेतात, आणि एक दिवस ताण जिंकतो.

ही ओढाताण रोज चालू असते. पोलादाच्या पाच-सहापट एबोनाइट प्रसरण पावतं. जानेवारीतल्या एका पहाटे कड्याचं तापमान ९ अंश होतं, त्याच दिवशी दुपारी उन्हात ४६. या ३७ अंशांच्या फरकात सळई परिघावर जेमतेम ०.६ मि.मी. वाढते, आवरण मात्र साडेतीन मि.मी.च्या आसपास वाढू पाहतं. मधला जवळजवळ तीन मि.मी.चा फरक चिराच सामावून घेतात. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून पाहिलं: आठच्या जागची चीर पहाटे ३.९, दुपारी ३.४. गणित आणि गेज जुळले.

आता यातली मुख्य गोष्ट. चीर दुपारी भरली तर ती सगळ्यांत अरुंद असताना भरली जाते. रात्री आवरण आक्रसतं, चिरेला उघडायचं असतं, आणि भरलेला माल दोन्ही बाजूंनी ताणला जातो. इपॉक्सी (दोन घटक मिसळून जमणारा चिकट माल) असो वा एबोनाइट, असे कडक माल दाब मुकाट्यानं सोसतात पण ताणाला लवकर शरण जातात, आणि सगळ्यांत आधी सुटतो तो दोघांमधला जोड. उलट चीर पहाटेच्या थंडीत, ती सगळ्यांत रुंद असताना भरली, तर दिवसा आवरण वाढून भरलेल्या मालाला दाबतं. फरक तोच, परिघाच्या ०.२ टक्क्यांचा, पण ताणाऐवजी दाबात. परत उघडलेल्या चिरांच्या जितक्या कहाण्या मी ऐकल्या त्यांत चाक हमखास ‘उन्हात छान वाळवून’ भरलेलं होतं. साफसफाईनंतर उन्हात वाळवणं योग्यच आहे; भरणं मात्र तिथे नको.

निफाड या कामाला फार सोयीचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यांत कमी नोंदींत असतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून भरण्याचं काम जानेवारीतच उरकायचं ठरवलं.

साफसफाई आणि चिरा मोकळ्या करणं

तेल, ग्रीस, घाम आणि फवाऱ्याचे थर आधी रॉकेलनं, मग थंड साबणाच्या पाण्यानं काढले. रॉकेल स्वतः तेलकट थर ठेवतं, म्हणून साबण टाळता येत नाही. नंतर थंड पाण्यात खायचा सोडा घालून त्यानं चिरा धुतल्या, म्हणजे गंधकाचं आम्ल मरतं, आणि पुन्हा साध्या पाण्यानं. वाळायला सावलीत पंख्याखाली ठेवलं, शेवटी एक दिवस उन्हात.

चिरा रुंद करताना हात आखडता घेऊन चालत नाही. वरून केसासारखी दिसणारी चीर आतून पोकळ असते, कारण गंजानं आवरण सळईपासून उचललेलं असतं. नखानं वाजवलं की कळतं: घट्ट बसलेला भाग खणखणीत आवाज देतो, सुटलेला भाग पोकळ. पोकळ वाजणारा सगळा भाग काढला. त्रिकोणी कानस आणि हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा, इतकंच वापरलं. ग्राइंडर एबोनाइट तापवतो, आणि तापलेलं एबोनाइट कडेला मऊ होऊन चकाकतं. तिथे इपॉक्सी धरत नाही. कडा आतल्या बाजूला थोड्या जास्त कापल्या, वर अरुंद आणि खाली सळईजवळ रुंद, म्हणजे भरलेला माल निघू म्हटलं तरी निघणार नाही. कानशीची काळी पूड जपून ठेवली. तोंडाला मास्क बांधूनच हे काम करावं, ती पूड फुप्फुसात जाण्यासारखी बारीक असते.

सळईवरचा गंज खरवडून आणि तारेच्या बारीक ब्रशनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढला. गंज मारायचं आम्ल मी इथे वापरत नाही. सपाट पत्र्यावर ते उत्तम काम करतं, पण चिरेच्या कोपऱ्यात आवरणाखाली शिरलेलं आम्ल धुऊन निघत नाही आणि भरलेल्या मालाखाली ते पुढे काय करेल यावर आपला ताबा राहत नाही.

भरणं

साधं, सावकाश जमणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी घेतलं. पाच मिनिटांत जमणारं नको: ते उष्णतेत लवकर मऊ पडतं आणि सळईला नीट भिजवायला वेळच देत नाही. नळाची गळती बंद करायला मिळते ती मळून लावायची पुट्टी सोपी वाटते, पण ती चिरेच्या तळाशी शिरत नाही, वरवर बसते.

भल्या पहाटे काम सुरू केलं. चाक रात्रभर गोठ्यालगतच्या उत्तरेकडच्या दगडी खोलीत होतं, कडं ११ अंशांवर. इपॉक्सीच्या नळ्या मात्र कोमट पाण्यात ठेवल्या, नाहीतर थंडीत ते मधासारखं घट्ट होतं आणि नीट मिसळत नाही. पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून आधी काहीही न घालता पातळ थर सळईवर आणि चिरेच्या भिंतींवर ब्रशनं घासून लावला. उरलेल्यात शंखजिऱ्याची पूड, जपलेली एबोनाइटची पूड आणि रंगासाठी चिमूटभर काजळी घातली, चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतकं घट्ट केलं. ते पातळ पट्टीनं तळापासून दाबत भरलं, म्हणजे हवा कोंडत नाही. वर दीड-दोन मि.मी. फुगवटा ठेवला आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. वरच्या बाजूला असलेल्या चिराच भरायच्या, त्या जमल्या की चाक फिरवून पुढच्या. खालच्या चिरा आधी भरल्या तर माल ओघळतो.

खोलीचं तापमान दिवसाही १८ च्या वर जाऊ दिलं नाही. या थंडीत इपॉक्सीला कडक व्हायला पुरते दोन दिवस लागतात आणि घाई करण्यात अर्थ नसतो. थंड, दमट हवेत जमलेल्या इपॉक्सीवर मेणचट चिकट थर येतो. तो पाण्यानं धुऊन, कोरडा करूनच दुसरा थर द्यावा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

यानंतर एक पायरी आहे जी बहुतेक जण करत नाहीत. घरच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रॅक्टरचं काळं कडं ६५ च्या वर जातं. म्हणजे थंडीत केलेलं सगळं काम पहिल्याच उन्हाळ्यात दबून जाईल आणि पुढच्या हिवाळ्यात चीर उघडेल. उपाय असा की इपॉक्सीला आधीच सावकाश शेकायचं. ते जितकं शेकलं जातं तितकी त्याची सोसण्याची मर्यादा वर सरकते. पत्र्याच्या पेटीत शंभर वॅटचे दोन पिवळे दिवे आणि एक तापमापक ठेवला. पहिल्या दिवशी ४० अंश, मग ४५, ५०, असं रोज थोडं चढवत ६० पर्यंत नेलं आणि तिथे सहा-सात तास ठेवलं. एकदम ६० वर नेलं तर अजून कच्चं इपॉक्सी दाबाखाली मऊ पडून दबतं, आणि थंडीत भरल्याचा फायदा तिथेच संपतो. साठच्या पुढे जाऊ नये, एबोनाइटही सत्तरच्या वर नरमायला लागतं.

घडण, रंग, जोडणी

चाकाचा चांगला राहिलेला भाग शोधून त्याच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा साचा कापला आणि त्याच्या मापानं फुगवटा कानशीनं उतरवला. मागच्या बाजूला बोटांसाठीच्या खाचा होत्या, त्या गोल कानशीनं पुन्हा उठवल्या. मग ८०, १२०, २२० आणि शेवटी पाण्यावर ४०० चा पॉलिश पेपर. डोळ्यांना सपाट दिसणारा जोड तळहाताला लगेच लागतो, म्हणून शेवटची परीक्षा डोळे मिटून हात फिरवण्याची. मालकांनी स्वतः ती घेतली, आठच्या जागेवर दोनदा थांबले आणि मग म्हणाले, “इथं अजून थोडं.” त्यांचं बरोबर होतं, पाव मिलिमीटरचा उंचवटा राहिला होता.

रंग दोन घटकांचा, गाड्यांचा काळा, अर्धवट चकाकीचा. तो उन्हापासून एबोनाइटला वाचवतो, म्हणजे पुढे आम्ल तयार होणंही मंदावतं. नुसतं पॉलिश जास्त देखणं दिसलं असतं, पण उन्हात काम करणाऱ्या चाकाला ते पुरत नाही. हा रंग फवारताना निघणारी वाफ श्वसनाला घातक असते, त्यामुळे ते काम सोय असलेल्या गॅरेजमध्ये करवून घेतलं. वर कापडी किंवा रेक्झिनचं कव्हर घालू नका असं मालकांना आवर्जून सांगितलं: त्याच्याखाली घाम कोंडतो, आणि चीर आली तरी दिसत नाही.

जोडताना पुढची चाकं सरळ ठेवून मूळच्या खुणेवर बसवलं, लॉक वायसर नवा घातला. मडगार्डला आतून पट्टी लावून अर्ध्या इंची पाइपाची मूठ बोल्टनं बसवली, चढणाऱ्याच्या हाताला येईल अशी. काकांना ती आधी अडगळ वाटली. आठवडाभर हात सवयीनं चाकाकडेच जात राहिला, मग वळला.

त्यानंतरचं वर्ष

मेअखेर पहिली तपासणी केली. सातही चिरा बंद, रंग अखंड, कड्याला कुठे चिकटपणा नाही. त्याच काळात भरलेल्या ट्रॉलीसह काम झालेलं होतं.

डिसेंबरात, पारा सात-आठवर उतरलेला असताना, पुन्हा पाहिलं. सहा चिरा तशाच घट्ट. दहाच्या आऱ्याजवळ, अकराच्या जागी, रंगात केसासारखी एक रेघ दिसली. भिंग लावून पाहिलं तर ती भरलेल्या मालात नव्हती, तिच्या शेजारी मूळच्या एबोनाइटमध्ये होती: आरा जिथे कड्याला मिळतो तिथे सळई जाड होते, आवरण पातळ होतं आणि ताण गोळा होतो. जुनं आवरण अजून आक्रसतंच आहे, त्यामुळे नवी जागा शोधून ते तडकणार हे धरून चालायला हवं. ती रेघ त्याच पहाटे धारदार टोकानं मोकळी केली आणि पातळ इपॉक्सी सोडून बंद केली, शेकून घेतली, वर रंगाचा हात दिला. फिलर गेजचं सगळ्यांत पातळ, ०.०५ मि.मी.चं पातं आता तिथे शिरत नाही.

सात, आठ आणि नऊच्या जागी, जिथे चाक सगळ्यांत जास्त खराब होतं, तिथे काहीच हललेलं नाही. मालकांनी नांगरटीच्या नव्या ट्रॅक्टरलाही तशीच मूठ लावून घेतली आहे. फवारणीनंतर चाक साध्या पाण्यानं पुसायचं फडकं आता टूलबॉक्समध्ये असतं. आऱ्याजवळची ती जागा दर डिसेंबरात तपासायची, असं आमचं ठरलं आहे.